कैचीभाऊ

"वीस मिनिटं कापायले पाहिजे होती."

पिक्चर कोणताही असो, कैचीभाऊंचा निकाल एवढाच. त्याची कारणमीमांसा मात्र नागपूरच्या व्हरायटी चौकात सुरू होते आणि पायी पायी लोकमत चौक आला तरी तिचं मध्यंतर होत नाही.

असा एक भाऊ तुमच्याही ओळखीत असणारच. आमचे भाऊ लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकाला घड्याळ बघतात. मारबतीच्या मिरवणुकीत "दोन बडगे कमी असते तरी चाललं असतं" म्हणतात. एका मे महिन्यात पारा ४५ वर असताना त्यांनी नवतपा नऊ दिवसांचा काहून, सातात भागत नाही का, असं विचारलं होतं.

पण खरा घाव बसला तो जानेवारी २०१६ मध्ये, 'द हेटफुल एट' लागला तेव्हा. त्याचा दिग्दर्शक टॅरेंटिनो म्हणजे भाऊंचं दैवत. 'पल्प फिक्शन' अडीच तासांचा आहे, पण तिथे कैची कधी निघाली नाही. त्यात हा वेस्टर्न, आणि संगीत एन्निओ मोरिकोनेचं! भाऊ कितीतरी आधीपासून भेटेल त्याला अल्ट्रा पॅनाव्हिजन ७० समजावून सांगत होते. १९६६च्या 'खार्टूम'नंतर इतकं रुंद चित्रण कोणी केलंच नव्हतं म्हणे, जुनी भिंगं शोधून काढली. पानठेल्यावरच्या पोरालाही हे पाठ झालं.

मग पिक्चर सुरू झाला. बर्फातून एक घोडागाडी निघाली, आत लोक बोलत बसले. गाडी थांबली, लोक एका खोलीत शिरले आणि तिथे बोलत बसले. नवा मुडदा पडेस्तोवर निम्म्याहून जास्त पिक्चर सरला होता.

"एवढा रुंद कॅमेरा आणला अन् घरात घुसून बसला बे!" बाहेर पडताच भाऊ सुटले. "खोलीच दाखवायची होती तं आमच्या महालातल्या वाड्यात ये म्हणा, भाडं नाही घेत." पटकथा २०१४ मध्ये फुटली तेव्हा टॅरेंटिनोनं चिडून पिक्चर काढणारच नाही म्हणून जाहीर केलं होतं. "शब्दाचा पक्का नाही निघाला माणूस." चित्रीकरणात म्युझियममधून आणलेली शंभराहून जास्त वर्षांची गिटार चुकून खरीखुरी फोडली गेली, तिचाही हिशेब झाला. "गिटार तोडली, पण एक रीळ नाही तोडवली. वीस मिनिटं बे, फक्त वीस मिनिटं!"

मी म्हटलं, "भाऊ, अमेरिकेत खास ७० एमएमच्या खेळांना हा पिक्चर मध्यंतर धरून १८७ मिनिटांचा होता. आपल्याकडे १६८चा आला. वीस मिनिटं कापूनच आली आहेत."

भाऊ थांबले. चहाची टपरी येईस्तोवर बोलले नाहीत. मग म्हणाले, "तं अजून वीस."

२०१९ मध्ये टॅरेंटिनोनं तोच पिक्चर आणखी ताणून चार भागांत नेटफ्लिक्सवर आणला, हे मी त्यांना अद्याप सांगितलेलं नाही. वय झालंय त्यांचं.

'शोले'ही तीन तासांच्या वर आहे, याची आठवण करून द्यायची सोय नाही. "त्यात कापायचे तं फक्त ठाकूरचे हात!" उलट १९७५ मध्ये, ऐन आणीबाणीत, सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला आणि ठाकूरच्या पायाखाली मरणारा गब्बर पोलिसांच्या हवाली झाला, याचं सुतक ते अजून पाळतात.

आणि डिसेंबर आला की कैची पार बोथट होते. १९५३च्या नागपूर करारानं विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं. २०२४ मध्ये ते १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवसांत आटोपलं. "हे कापायले कोणी सांगितलं होतं? विदर्भाचा सीन आला की यांची रीळ संपते!"

२०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला. अमिताभ बच्चन, विजय बारसे सरांच्या स्लम सॉकरवरून घेतलेली गोष्ट, चित्रीकरण आपल्या नागपुरात, आणि लांबी जवळपास तीन तास. सुटल्यावर मी भाऊंच्या तोंडाकडे बघत होतो. डोळे पुसत म्हणाले, "आपला मोहल्ला दाखवलाच नाही बे. वीस मिनिटं वाढवायले पाहिजे होती."

आता एक गोष्ट सांगूनच टाकतो. 'हेटफुल एट' संपल्यावर दिवे लागले, झाडूवाला रांगेच्या टोकाशी येऊन उभा राहिला, तरी भाऊ उठेनात. शेवटचं नाव वर सरकेस्तोवर बसले होते, मांडीवर बोटांनी ताल धरून. पुढच्याच महिन्यात मोरिकोनेला त्या संगीतासाठी ८७व्या वर्षी ऑस्कर मिळालं. त्या दिवशी पानठेल्यावर सगळ्यांच्या खर्ऱ्याचे पैसे भाऊंनी दिले, आणि तेही "पिक्चर लांबलाच होता" असं बजावून.

सुमार दिग्दर्शकाचं एक मिनिटही भाऊंनी आजवर कापलेलं नाही. तिथे ते फिरकतच नाहीत. तेव्हा तुमचा कैचीभाऊ चौकात गाठून 'वीस मिनिटं' सुरू करेल, तर जेवायला उशीर होईल म्हणून घरी फोन करा आणि ऐकून घ्या.