शालेय पादत्राणविन्यास : एक तौलनिक मीमांसा

वर्गप्रवेशापूर्वी विद्यार्थी पादत्राणाचा जो त्याग, न्यास अथवा विनिमय करतो, त्याच्या पद्धतशीर अध्ययनास आम्ही 'पादत्राणविन्यासशास्त्र' ही संज्ञा देतो. शिक्षणतज्ज्ञांनी अभ्यासक्रम, परीक्षा इत्यादी गौण विषयांवर आयुष्ये वेचली. उंबरठ्याअलीकडचे तीन हात मात्र उपेक्षितच राहिले.

या शास्त्राची पीठे दोन.

१. कोष्ठकवादी अथवा पवईपीठ. नोकरीनिमित्त मुंबईत आलेल्या जपानी कुटुंबांच्या मुलांसाठी पवईत जपानी शाळा आहे. अशा शाळा बँकॉकात 1956 पासून आढळतात. सहा अधिक तीन वर्षांचे शिक्षण, एप्रिलमध्ये वर्षारंभ, जपानी शासनाचा अभ्यासक्रम. हेतू एवढाच की, बापाची बदली संपून मूल मायदेशी परतल्यास शिक्षणात खंड पडू नये. आमच्या मते हे सातत्य पुस्तकांत नसून पादत्राणांच्या फडताळात आहे. जपानी पद्धतीत प्रत्येकास स्वतंत्र कप्पा असतो. त्यात बाहेरचे बूट ठेवून 'उवाबाकी' हे आतले, बहुधा शुभ्र पादत्राण धारण करावयाचे. कित्येक शाळांत त्याच्या अग्रभागाच्या रंगावरून इयत्ता कळते. आठवड्याअखेर ते धुण्यासाठी घरी जाते व सोमवारी परतते. पादत्राणास साप्ताहिक सुट्टी देणारे दुसरे दर्शन आम्हांस ज्ञात नाही.

२. राशिवादी अथवा बाभुळगावपीठ. येथे, म्हणजे विदर्भातील बाभुळगावच्या शाळेत, कप्पा नाही. पायरीखाली राशी आहे. राशीचे उपप्रकार तीन : उत्तान, अधोमुख व विषमयुग्म. चौथा, काखेतला, चौर्यभयातून उद्भवतो. त्यास राशी म्हणावे काय, यावर मतभेद आहेत. उन्हामुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून वर्षारंभ आणि चिखल यांचा योग प्रायः अटळ. काळी माती तळव्यास चिकटून जो अतिरिक्त तळ निर्माण होतो, त्यास 'आगंतुक तळ' म्हणावे. त्याखाली बाभळीचा काटा रुतलेला असल्यास पादत्राण 'सकंटक' होय.

कोष्ठकवाद्यांचा आक्षेप असा की, राशीत स्वत्वाची ओळख पटत नाही. हा आक्षेप टिकत नाही. शाळा सुटताच पोट्टे धावत येते, राशीकडे न पाहता पाय घालते आणि चालू लागते. ओळख डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याने पटते. आम्ही यास 'पादप्रत्यभिज्ञा' म्हणतो. विषमयुग्माचा दोष मात्र मान्य करावा लागतो. एकाच दुकानातून, एकाच बाजारी, एकाच निळ्या पट्ट्याच्या चपला अर्ध्या वर्गाने घेतल्या, तर अंगठाही भ्रमित होतो.

उर्वरित प्रश्न पट्टा तुटलेल्या चपलेचा. ती पादत्राण की पादत्राणाभास? पवईपीठ मौन आहे. बाभुळगावपीठाचा निर्णय : खालून पिन लावलेली असून ती टोचत नसेल, तर चप्पल 'जीर्णोद्धृत', टोचत असेल, तर 'सकंटक' वर्गात तिची पुनर्गणना करावी, आणि पिन आईच्या पदराची असेल, तर चप्पल कोणत्याही वर्गात असो, पिन संध्याकाळी परत द्यावी.