साडी कुडी

मोहालीत राहायला आलो त्या आठवड्यातच शेजारच्या आंटीजी माझ्या लेकीकडे बघून म्हणाल्या, "बडी सयाणी ए साडी कुडी!" मी अंगावरच्या गाऊनकडे बघितलं. साडी नव्हती, कानात कुड्याही नव्हत्या. लेक कानाशी पुटपुटली, "साडी म्हणजे आपली, कुडी म्हणजे मुलगी. हसू नकोस." 'सयाणी' मात्र आपसूक कळलं. आपल्याकडे शहाणी म्हणतात, पण बहुधा 'मोठी आलीय शहाणी' या चालीवर.

कुडी पंधरा वर्षांची आहे आणि खरोखरच सयाणी आहे. माझी सगळी अडचण तीच. ती वह्यांना कव्हरं घालते, दुधाचा हिशेब ठेवते आणि मी रस्त्यात मोठ्याने हसले की दोन पावलं मागे राहते. गावही तिच्याच बाजूचं. रस्ते फूटपट्टीने आखलेले, फेज थ्री बी वनच्या पुढे फेज थ्री बी टू. इथे चुकायचं म्हटलं तरी कष्ट पडतात. मी वाढले पुण्याच्या पेठेत. तिथे बोळ कुठे निघेल हे बोळालाही ठाऊक नसे.

चूक माझीच. 'निल बट्टे सन्नाटा' (2016) आम्ही दोघींनी मिळून बघितला. त्यात आग्र्याची मोलकरीण चंदा लेकीचं गणित सुधारावं म्हणून तिच्याच दहावीच्या वर्गात जाऊन बसते. "मलाही त्रिकोणमिती पुन्हा करायचीय," एवढंच मी म्हटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात पालकसभेची तारीख राज्याच्या गुपितासारखी सांभाळली जाते.

मग रेणुका शहाणेंचा 'त्रिभंग' (2021) लावला. आजी अभंग, आई त्रिभंग, नात समभंग. ओडिशी नाचातली ती वाकडी-तिकडी, शिवराळ अनू माझी लाडकी. लेक मात्र अनूच्या मुलीच्या, माशाच्या बाजूची. जिच्या आईने लग्नच केलं नाही, ती माशा जुन्या वळणाच्या घरात सून होऊन जाते! मी उसासा टाकला. लेक म्हणाली, "तिला शांत झोप हवी असेल गं."

हा 'गं' आंटीजींना अजून पचलेला नाही. त्यांची मुलं मम्मीला 'तुसी' म्हणतात. आमची आईला 'अगं, ऐक ना' म्हणतात. मी समजावलं, आमच्यात देवालाही 'तू'च म्हणतात. 'तुम्ही' फक्त रागावल्यावर. मोहालीचंही तसंच की. पाटीवर साहिबजादा अजितसिंह नगर, गुरू गोविंदसिंहांच्या थोरल्या मुलाच्या नावाने. तोंडात मात्र मोहाली.

परवा लोहडी झाली. 13 जानेवारीची कडाक्याची थंडी, गल्लीत शेकोटी, तिच्यात रेवड्या आणि शेंगदाणे पडताहेत. ढोलवाला चहा प्यायला बसला आणि त्याचा ढोल माझ्यासमोर मोकळा. त्याच्या एका हाताला जाडजूड वाकडा डग्गा, दुसऱ्या हाताला तिल्ली, छडीसारखी बारीक. आमच्या पुण्याच्या ढोलपथकात एका पानावर टिपरू आणि दुसऱ्यावर उघडा हात. मी तिल्ली बाजूला ठेवली, डग्ग्यालाच टिपरू मानलं आणि विसर्जन मिरवणूक सुरू केली, एकेक ठेका, म्हणजे पथकाच्या भाषेत एकेक 'हात', वाजवत. आंटीजी नाचल्या. अंकलजी नाचले. ढोलवाल्याने चहा खाली ठेवला. शेकोटीपलीकडे माझी कुडी तोंडावर मफलर ओढून अशी उभी होती, की जणू ती कोणाचीच कुडी नाही.

घरी आलो. तळहात लाल झाला होता, तो मी पदराआड, म्हणजे शालीआड, लपवला. तिने पानं घेतली, समोर बसली आणि शांतपणे म्हणाली,

"आई, तुम्ही तिसऱ्या हाताला लय ओढलीत. आंटीजींचा पाय चुकला."

मी मुकाट्याने भात वाढला.