एकटाच बोलणाऱ्याला काय म्हणावं? (नवशिक्यांसाठी)

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत भाड्यानं खोली घेतलीत, उत्तम केलंत. आता पहिल्या आठवड्यातच कुणीतरी तुम्हाला कट्ट्यावर गाठेल आणि एकटाच बोलत राहील. घाबरू नका. फक्त समोर चाललंय त्याला म्हणतात काय, तेवढं शिकून घ्या. नाव चुकलं की पंचाईत. तुम्ही ज्याला 'काय गुऱ्हाळ लावलंय' म्हणाल, ते बोलणाऱ्याच्या हिशोबानं मनोगत असतं.

सुरुवात सोप्यापासून करू. स्वगत. पात्र मनाशी बोलतं, शेवटच्या रांगेला ऐकू जातं, पण शेजारी उभ्या असलेल्या पात्राला जात नाही, असं सगळ्यांनी मिळून धरून चालायचं. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' 1970 साली रंगभूमीवर आलं, तेव्हापासून त्यातल्या बेलवलकरांची स्वगतं गॅदरिंगमध्ये म्हणणाऱ्या पोरांची कमी नाही. पेठेतलं स्वगत सकाळी ऐकायला मिळतं. एक माणूस बंद पडलेल्या मोटारसायकलला किक मारत असतो. एक किक, एक वाक्य. आधी गाडीच्या कंपनीला, मग मेकॅनिकला, मग गाडी घ्या म्हणणाऱ्या मेव्हण्याला. इथं उत्तर द्यायचं नसतं. 'प्लग बघितलासा काय?' एवढं जरी विचारलंत तरी स्वगताचा संवाद होतो, आणि गाडी तुम्हाला ढकलावी लागते.

दुसरा शब्द जरा जड आहे, आकाशभाषित. समोर कुणी नसताना 'काय म्हणतोस?' असं विचारायचं आणि न ऐकू आलेल्या उत्तरावर पुढं बोलायचं. संस्कृतात 'भाण' नावाचा अख्खा नाट्यप्रकार यावर उभा आहे. नट एकच. तो गावच्या रस्त्यानं निघतो आणि न दिसणाऱ्या लोकांशी गप्पा मारत जातो. मिरजकर तिकटीला संध्याकाळी उभे राहा. कानात ब्लूटूथ घातलेला, हातवारे करत 'न्हाई न्हाई, तसं न्हवं' म्हणत जाणारा गडी दिसेल. भरतमुनींना तो लगेच ओळखू आला असता.

एकपात्री म्हणायच्या आधी तिकीट होतं का ते बघा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे 52 पात्रं उभी करत; ते एकपात्री. कट्ट्यावर एकटाच बोलणारा बहुधा एकच पात्र उभं करतो, स्वतःचं, आणि तेही बसूनच. तिकिटावरून आठवलं, जवळच केशवराव भोसले नाट्यगृह आहे, शाहू महाराजांनी 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं. 8 ऑगस्ट 2024च्या रात्री ते आगीत सापडलं. त्यावर पुढं कट्ट्याकट्ट्यावर जो तो तासतासभर बोलला, पण त्याला गुऱ्हाळ म्हणायची माझी तरी छाती नाही.

आता मनोगत. त्यातले 'दोन शब्द' हा आकडा नाही. तालमीच्या कार्यक्रमात पाहुणे 'मी फक्त दोन शब्द बोलणार आहे' म्हणाले की खुर्चीत नीट टेकून बसा. 'जाता जाता' म्हणाले की अर्धं झालं. 'शेवटी एवढंच सांगतो' हे वाक्य तीनदा येतं. पहिल्या वेळी टाळी वाजवणारा नवखा समजावा.

आता गुऱ्हाळ. हा शब्द कोल्हापुरात जपून वापरावा, कारण इथं खरी गुऱ्हाळं आहेत. तिथं काहिलीत रस उकळत असतो, वर आलेली मळी काढून टाकतात, आणि गुळव्या पाकाकडं बघून 'उतरा' म्हणतो. जरा उशीर झाला की गूळ करपला. म्हणजे खऱ्या गुऱ्हाळात कुठं थांबायचं हे कळणारा पगारी माणूस असतो. कट्ट्यावर ती जागा रिकामी आहे. म्हणून माझ्या मते गुऱ्हाळवाल्यांचा हा शब्द आपण फुकट बदनाम केला. पेठेत त्यापेक्षा 'टेप लागली' म्हणावं. कुणाचा अपमान होत नाही आणि अर्थ पोहोचतो.

एक ध्यानात ठेवा: शब्द बोलणाऱ्यानं निवडायचा नसतो, अडकलेल्यानं निवडायचा असतो. तिकीट काढून बसलात तर एकपात्री, निमंत्रणपत्रिका घेऊन आलात तर मनोगत, दूध आणायला निघाला होतात तर टेप.

आणि कधी तुमच्याच हातात माईक आला, तर आभार मानून खाली उतरा. मंडळींचा चहा निवतो.