मॉडेल नको, वही दाखव

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन म्हटलं की टेबलांवर तेच ते ठरलेलं. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, इंजेक्शनच्या सिरिंजांवर हलणारा जेसीबी, थर्माकोलची स्मार्ट सिटी. काही मॉडेलं बाजारातून तयार आणलेली, काही सरांनी नाहीतर काकांनी रात्री जागून जोडलेली. पुढे पाटी : ‘हात लावू नये’. पाहुणे बटण दाबतात, दिवा लागतो, फोटो निघतो आणि पोर पाठ केलेली चार वाक्यं म्हणून मोकळं होतं. हा पोरांवर उघड अन्याय आहे.

पवनीला तर हे अजिबात शोभत नाही. वैनगंगा गावाला लागून आहे आणि १९८८ साली राजीव गांधींनी पायाभरणी केलेलं गोसीखुर्दचं धरण याच तालुक्यात. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत येतं आणि धरणाच्या फुगवट्यात तुंबून राहतं. जलपर्णी माजलीय, पाणी बिघडलंय, हे ढिवर बांधव कधीपासून ओरडून सांगताहेत. दहावीच्या पोरांना याहून जिवंत प्रश्न कुठे मिळणार?

तपासणंही अवघड नाही. मोठ्यांना सोबत घेऊन घाटाच्या पायरीवर बसायचं, काचेची बाटली पाण्यात बुडवून काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. त्यात मँगनीज सल्फेट, मग अल्कधर्मी पोटॅशियम आयोडाइड. बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. पुढे आम्ल घालायचं काम सरांचं, थेंब थेंब थायोसल्फेट मोजायचं पोरांचं. स्टार्चचा निळा रंग उडाला की आकडा हाती आला. मासळीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायूचा आहे. आता तोच घाट पहाटे तपासा, दुपारी तपासा. जलपर्णीखाली तपासा, उघड्या पात्रात तपासा. आकडे जुळणार नाहीत आणि ते का जुळत नाहीत यावर वर्गात जुंपेल. जुंपू द्या!

यात नवं काहीच नाही. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून १० ते १७ वर्षांच्या मुलांकडून हेच मागतेय : परिसरातला प्रश्न घ्या, स्वतः मोजा, सर्वांपुढे मांडा. इन्स्पायर मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात. जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तेव्हा मुलांचीही वेगळी भरली. म्हणजे मंच आहे, पैसा आहे. शाळेच्या कपाटातल्या रसायनांची सीलं तेवढी फोडायचीत. याच पवनीत १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून प्राचीन स्तूप उजेडात आणला, तो थर मोजून, नोंदी ठेवूनच.

तेव्हा परीक्षकांना एकच मागणी. येत्या प्रदर्शनात बटण दाबण्याआधी पोराची वही मागा. तारीख, वेळ, जागा आणि खोडलेले, पुन्हा मोजलेले आकडे तीत नसतील, तर मॉडेल कितीही चकाकू दे, नंबर देऊ नका.