खिडक्यांवरचे झरोखे पुसणाऱ्यांस

महोदय,

विमानकंपन्यांच्या बोर्डरूममध्ये ‘प्रीमियम’, ‘ग्लोबल’, ‘आधुनिक’ अशा स्लाइड्स दाखवून विमानांचा चेहरामोहरा बदलून देणारे तुम्ही ब्रँड-सल्लागार. हे पत्र तुमच्यापैकी एकाला नाही, सगळ्या जमातीला आहे. कारण जगात कुठेही जा, तुमचं काम एकाच हातचं वाटतं : पांढरं फटक धूड, त्यावर अवाढव्य अक्षरं आणि शेपटीवर ओतलेला रंग. एवढ्यासाठी तुम्ही मानधन घेता!

१९७१ साली एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७४७ ‘एम्परर अशोक’ मुंबईत उतरलं, तेव्हा त्याच्या एकेका खिडकीभोवती लाल झरोख्याची महिरप रंगवलेली होती. पुढच्या जंबोंनाही शाहजहान, राजेंद्र चोळ, विक्रमादित्य अशी सम्राटांची नावं मिळाली. भरल्यावर तीनशे टनांच्या वर जाणारं ते यंत्र त्या महिरपींमुळे महालासारखं दिसू लागलं. ज्यांना हे सुचलं, त्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती. आत माणसं बसली आहेत हे बाहेरच्याला विमानाच्या ज्या जागेवरून कळतं, ती म्हणजे खिडकी. सजावट त्यांनी तिथेच केली. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते विमान कोणाचं, हे लांबून कळत होतं.

तुमच्या व्यवसायाने १९८९ मध्ये हे झरोखे एकदा काढून पाहिले. लोकांना ते रुचलं नाही आणि झरोखे परत आणावे लागले. एवढा धडा पुरेसा होता. पण ऑगस्ट २०२३ मध्ये नवं रूप जाहीर झालं आणि महिरपी पुन्हा गेल्या. आता लाल, वांगी आणि सोनेरी रंग आहेत, आणि शेपटीवरच्या सोनेरी चौकटीचं टोक जुन्या खिडकीवरून घेतलं असं सांगितलं जातं. खिडकीचा वारसा शेपटीवर नेऊन लावलात आणि प्रत्यक्ष खिडकी बोडकी ठेवलीत. याला वारसा जपणं म्हणायची हिंमत तुम्हालाच होते.

यंत्राची सबब सांगू नका. खरी सबब कशी असते ते अमेरिकन एअरलाइन्सकडे पाहा. त्यांची विमानं अनेक दशकं पॉलिश केलेल्या उघड्या ॲल्युमिनियमची होती. बोइंग ७८७ चं अंग कार्बन-कंपोझिटचं, त्याला पॉलिश करायला धातूच नाही. म्हणून २०१३ मध्ये त्यांना रंग लावावा लागला. ते पटतं. पांढरा रंग उन्हात कमी तापतो, भाड्याचं विमान परत करताना तो सोयीचा पडतो, हेही पटतं. पण झरोखे पांढऱ्या अंगावरच होते! खिडकीभोवतीच्या लाल रेघेने कुठलं कंपोझिट वितळणार होतं?

आणि त्याच घरातली एअर इंडिया एक्सप्रेस आपल्या नव्या ७३७ मॅक्स विमानांच्या शेपटीवर बांधणी आणि अजरखची नक्षी मिरवते आहे. म्हणजे जेट नवं आहे म्हणून देशी नक्षी त्यावर शोभत नाही, हा तुमचा दावा धावपट्टीवरच खोटा ठरला आहे. स्वस्त तिकिटाच्या विमानाला नक्षी चालते आणि महागड्या विमानाला तिची लाज वाटते, हा न्याय कुठला?

लुफ्तान्साच्या शेपटीवरचं पिवळं वर्तुळ २०१८ मध्ये गेलं. कंपनीचा क्रौंच पक्षी त्याच वर्षी शंभरीला पोचला होता, आणि वाढदिवसाला त्याच्यामागचा सूर्यच काढून घेतला गेला. ब्रिटिश एअरवेजने १९९७ मध्ये शेपट्यांवर देशोदेशीची चित्रं काढली, तेव्हा मार्गारेट थॅचर यांनी विमानाच्या मॉडेलवर हातरुमाल टाकला होता. कंपनीला काही वर्षांत पुन्हा ब्रिटिश झेंड्याच्या रंगांकडे यावं लागलं. त्या चित्रांत निदान धाडस तरी होतं. तुमच्या कोऱ्या पांढऱ्यात तेही नाही.

एअर इंडियाने २०२३ च्या फेब्रुवारीत ४७० विमानांची मागणी जाहीर केली. त्यांतली बरीचशी अजून कारखान्यातून यायची आहेत आणि रंगवायचीही आहेत. म्हणजे वेळ गेलेली नाही. अक्षरं हवी तेवढी मोठी ठेवा, शेपूट हवी तशी रंगवा. खिडक्यांभोवतीच्या त्या लाल महिरपी मात्र परत काढा.

विमानं पाहायला अजूनही थांबणारा
एक प्रवासी