‘लेफ्ट’ असा शेरा

आमच्या इमारतीच्या जागी सध्या निळे पत्रे आणि त्यांच्यामागे पायाचा खड्डा आहे. पुनर्विकास. गेल्या पावसाळ्यात बँकेने आईचे नवे कार्ड त्याच पत्त्यावर पाठवले. पोस्टमनने पाकिटावर ‘लेफ्ट’ असा शेरा मारून ते परत केले. त्याचे काही चुकले नाही. तीन वर्षांसाठी तर जातोय, मग पत्ता कशाला बदलायचा, असे आम्हीच घरात ठरवले होते.

मुंबई-ठाण्यात आणि आता पुण्यातही कितीतरी कुटुंबे अशी भाड्याच्या घरात दिवस काढत आहेत. टेम्पो ठरतो, दूधवाल्याला सांगून होते, गॅसचे काम होते. पत्त्याचे राहून जाते.

ते राहू देऊ नका. जनरल क्लॉजेस ॲक्ट हा १८९७ चा कायदा आहे. त्याचे कलम २७ सांगते, की बरोबर पत्ता लिहून, पैसे भरून नोंदणीकृत टपालाने पाठवलेले पत्र उलट सिद्ध होईपर्यंत पोचलेच असे धरायचे. आणि पाठवणाऱ्याच्या लेखी बरोबर पत्ता म्हणजे तुम्ही त्याला दिलेला पत्ता. कर्जाच्या करारात तर बहुधा तसे कलमच असते. चेक न वटल्याची नोटीस आली, की पैसे भरायला १५ दिवस मिळतात. नोटीस जुन्या दारावरून परत गेली, तर ती मिळालीच नव्हती हे कोर्टात पटवायची वेळ तुमच्यावर येते.

मतदारयादीचे तेच. पडताळणीला आलेल्या बीएलओला समोर इमारतच दिसली नाही, तर ‘स्थलांतरित’ म्हणून तुमचे नाव वगळण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. तिची नोटीसही त्याच पत्त्यावर येणार. फॉर्म ८ ऑनलाइन भरता येतो. निवडणुकीची वाट पाहू नका. गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ४९ पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत कळवायला सांगते.

पत्ता लिहिताना पिन तपासा. घराचा नंबर नवा आणि पिन जुना, ही फार जणांची चूक आहे. दादर पूर्वेला ४०००१४, पूल ओलांडून पश्चिमेला उतरलात की ४०००२८. आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, संस्कृतात कविता करणाऱ्या या टपाल अधिकाऱ्याने, ही सहा आकडी पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. एकाच नावाची गावे आणि अनेक लिप्यांतले पत्ते यांत पत्रे हरवू नयेत, ही त्यामागची कळकळ. शेवटचे तीन आकडे वाटप करणारे पोस्ट सांगतात. तिथे चुकलात, तर पत्र आधी जुन्याच पोस्टात जाऊन पडते.

इथवर आपले कर्तव्य झाले. आता माझी तक्रार.

भाडेकरूने पत्त्याचा पुरावा आणायचा कुठून? वीजबिल घरमालकाच्या नावावर. आधारला पुरावा हवा आणि बँकेला नव्या पत्त्याचे आधार हवे. उरतो भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. तरीही ‘नोटरी करू, पुरे’ म्हणणारे मालक भेटतात. तिथे गप्प बसू नका. नोंदणीकृत करार नसला, की पुढची प्रत्येक खिडकी बंद होत जाते. आणि करार असतो ११ महिन्यांचा. घर बदलले, की सगळ्या खिडक्या पुन्हा पहिल्यापासून.

याहून सोपी वाट आहे आणि ती रिझर्व्ह बँकेनेच दाखवली आहे. ठरावीक काळाने केवायसी अद्ययावत करताना फक्त पत्ता बदलला असेल, तर ग्राहकाचे स्वतःचे निवेदन घ्यावे आणि दोन महिन्यांत पत्र पाठवून किंवा प्रत्यक्ष भेटीने खात्री करावी, असे तिचे निर्देश आहेत. म्हणजे ग्राहकाच्या शब्दावर आधी विश्वास, मग तपासणी. आईला काउंटरवर हे कोणी सांगितले नाही. सत्तरीच्या बाईला तीन हेलपाटे घालायला लावले. याचा मला अजून राग आहे.

पत्र पोचले असे जो कायदा धरून चालतो, त्याने ‘मी इथे राहायला आलो आहे’ हे नागरिकाचे एकदाचे सांगणेही सगळ्या खात्यांसाठी पुरेसे धरले पाहिजे. आधार, मतदारयादी, आरटीओ, शिधापत्रिका या सगळ्यांचे कागद आता संगणकावर आहेत. पाच अर्ज पाच ठिकाणी भरायला लावण्याचे कारण मला तरी सापडत नाही.

तोवर जुन्या भागातल्या पोस्टात अर्ज द्या. टपाल काही काळ नव्या पत्त्यावर वळवून मिळते. आम्हीही दिला आहे. शिवाय साइटवरच्या वॉचमनच्या केबिनमध्ये सोसायटीने सगळ्यांच्या नव्या पत्त्यांचा कागद चिकटवला आहे. पोस्टमननेच तो मागितला होता. मागच्या महिन्यात त्याने आईला फोन करून विचारले, ‘काकू, तुमचा पिन तेवढा राहिलाय, सांगता का?’