फळी, बोल्ट आणि सहा तारा

1885 च्या सुमाराची गोष्ट. हवाई बेटांतल्या लाइए गावचा जोसेफ केकुकू हा अकरा वर्षांचा पोरगा गिटार घेऊन रुळांवरून चालला होता. वाटेत एक बोल्ट पडलेला दिसला. त्याने तो उचलून तारांवर घासला, तारा विव्हळल्या, आणि तीसेक वर्षांत सगळ्या अमेरिकेला त्या विव्हळण्याचं वेड लागलं. कथा अशी सांगतात. कुणी बोल्टऐवजी कंगवा म्हणतं, कुणी चाकू.

तेव्हा भुसावळला रेल्वे येऊन वीसेक वर्षं झाली होती. रूळ होते, बोल्टांना तोटा नव्हता, आणि रुळांवरून चालणारी अकरा वर्षांची पोरंही कमी नसावीत. फक्त गिटार कुणाकडे नव्हती. एवढ्या एका वस्तूपायी खानदेशचं नाव संगीताच्या इतिहासात यायचं राहून गेलं.

तरी आपल्या लोकांनी अगदीच हात टेकायला नकोत. हवाईतल्या जुन्या जाणकारांनी या युक्तीचा आणखी एक दावेदार सांगून ठेवला आहे: गॅब्रिएल डॅव्हियन. हा म्हणे जन्माने हिंदुस्थानातला, एका जहाजाच्या कप्तानाने पळवून होनोलुलूला नेलेला. तो कुठल्या गावचा, हे कुणी लिहिलेलं नाही. त्यामुळे तो अमळनेरचा नव्हता असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

या वाजवण्यातून पुढे जे वाद्य झालं ते लॅप स्टील गिटार, आपल्याकडच्या भाषेत हवाईयन गिटार. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. तारा बोटांनी दाबायच्याच नाहीत, त्यामुळे पडदे नकोत, हाताच्या मुठीत बसणारी गोलाईदार मान नको, तिचा बाक सांभाळणारी सळई नको. बनवणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर एक सरळ फळी, दोन टोकांना दोन आधार आणि मध्ये सहा तारा. रंधा मारता येणाऱ्या कुठल्याही माणसाला मोहात पाडायला एवढं वर्णन पुरतं.

आणि या वाद्याचं मूळच घरगुती आहे. जगातली पहिली चाललेली इलेक्ट्रिक गिटार ही लॅप स्टीलच. 1931 मध्ये लॉस एंजेलिसात जॉर्ज बीचम नावाच्या गिटारवादकाने घरातल्या टेबलावर तिचे प्रयोग केले. आधी एका लाकडी ओंडक्याला एकच तार ताणून पाहिली. मग तारेचं वेटोळं गुंडाळायला एक मोटार जुंपली. ती कपडे धुण्याच्या यंत्राची होती की शिलाई मशीनची, यावर बीचमच्या साथीदारांतच पुढे मतभेद झाले. घरच्या बाईंचं मत कुणी विचारलेलं दिसत नाही. त्यातून रिकनबॅकर कंपनीची ॲल्युमिनियमची गिटार निघाली. बुडाला वाटोळी चकती आणि वर लांब दांडा, म्हणून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. पेटंट कार्यालयाला शंका आली की हे खरंच वाजतं का. तेव्हा ॲडॉल्फ रिकनबॅकरने सोल होओपीईसारखे नामांकित वादकच वॉशिंग्टनला धाडले आणि तपासनिसांपुढे वाजवून घेतलं. पेटंट मिळालं ते 1937 साली. सरकारी टेबलावरची फाईल हलवायला वाजवून दाखवावं लागतं, हे तिकडेही तसंच.

आता हे वाद्य जळगावात करायचं म्हटलं तर सामान कुठून आणायचं? इथे खानदेशाची बाजू भक्कम आहे. धाब्याची घरं आणि जुने वाडे पडतात तेव्हा सागाच्या तुळया, चौकटी, कडीपाट विकायला येतात. पन्नास-साठ उन्हाळे खाल्लेला साग आता आणखी वाळणार नाही की वाकणार नाही, आणि वाद्याला नेमकं हेच हवं. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांसाठी भोपळे वर्षानुवर्षं जपतात; इथे तीन फूट चौकट मिळाली की लाकडाचा प्रश्न मिटला. तारांखालचे दोन आधार म्हणजे लोखंडी अँगलचे तुकडे. सरकवायची कांडी म्हणून मोटारसायकलच्या पिस्टनची पिन उत्तम: कडक, गुळगुळीत आणि गॅरेजवाल्याच्या भंगाराच्या डब्यात हमखास सापडणारी. बोटांना सतारीची मिझराब चालते. अंगठ्याची नखी पीव्हीसी पाइपाचा तुकडा गरम करून वाकवली की होते, आणि पाइपाच्या तुकड्यासाठी जळगावकराला दुकानात जायची वेळ आली तर त्याने गाव बदलावं.

खुंट्या मात्र विकतच्या घ्याव्या लागतात. तिथे कंजूषी केलेली प्रत्येक गिटार पहिल्या पाच मिनिटांत बेसूर होते.

पडदे नसले तरी सुरांच्या जागा दाखवणाऱ्या खुणा फळीवर आखाव्या लागतात, आणि खरी गंमत त्यांच्या मापात आहे. वाजणाऱ्या तारेची लांबी साधारण साडेबावीस इंच, म्हणजे 572 मिलिमीटर ठेवतात. तिला 17.817 ने भागलं की पहिल्या खुणेचं अंतर मिळतं, 32 मिलिमीटर. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागायचं, की दुसरी खूण. सातवी खूण 190 वर पडते, तिथे पंचम. बारावी बरोबर निम्म्यावर, 286 वर, तिथे तार षड्ज. सुतार हे सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, “भो, एखादं सूत इकडे-तिकडे चालतंच.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाराव्या खुणेपाशी कांडी एक सूत सरकली की सूर वीस सेंटच्या (अर्ध्या सुराच्या पाचव्या भागाच्या) आसपास हलतो, म्हणजे सुताराचं एक सूत जवळपास गवयाच्या सगळ्यात लहान श्रुतीएवढं. बावीस श्रुतींवर पंडितांनी शतकानुशतकं वाद घातले. त्यांतल्या एकीचा निकाल आपला सुतार पेन्सिल कानामागे खोचता खोचता लावून टाकतो.

पुढचा मुक्काम मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या मोटारी जळत आहेत तोवर या दुकानांना खानदेशात मरण नाही. हौशी माणूस तिथे जाऊन पिकअपसाठी, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या वेटोळ्यासाठी, 42 गेजची तांब्याची तार मागतो. ही तार मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढी, डोक्याच्या केसाशी स्पर्धा करणारी. तिचे लोहचुंबकांभोवती सात-आठ हजार वेढे घ्यायचे असतात. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला तार भरणारा कारागीर ती बोटांत धरून उजेडाकडे करतो. “हाई काय शे?” त्याच्याकडे वेढे मोजणारं यंत्र असतं, हातही सराईत असतो, पण तो हात शेतकऱ्याच्या मोटारीचा, आणि केसाएवढी तार पाच-सहा हजारांपर्यंत सोशिकपणे येऊन तुटते. जोडायची तर टोक सापडत नाही.

मग वेटोळ्याचा नाद सोडून जळगावचं गोलाणी मार्केट. तिथे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिझो चकती मिळते, जी खेळण्यांत आणि घंट्यांत पीं-पीं करते. ती उलटी वापरायची: आवाज काढायला नव्हे, पकडायला. पुलाखाली, म्हणजे उजव्या हाताकडच्या आधाराखाली, चिकटवली की काम होतं. आवाज थोडा पत्र्यासारखा येतो, पण तो ऐकून घरचे थांबा म्हणेपर्यंत माणूस समाधानी असतो.

वेटोळ्याचं पिकअप जमलंच आणि ते भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरला जोडलं, तर आधी वाजते ती वीज. आपल्या विजेची गुणगुण 50 हर्ट्झची, म्हणजे पाश्चात्त्य जी स्वराच्या किंचित वर. लॅप स्टीलवर सोपी आणि लोकप्रिय मिळवणी ‘ओपन डी’ची: सहा तारा खालून वर सा, प, सा, ग, प, सा. डी हा षड्ज धरला तर विजेची गुणगुण येते मध्यमावर. मध्यमाचा तंबोरा म्हणजे मालकंसाची सोय! पण तारेवर गंधार शुद्ध आणि मालकंसाला हवा कोमल. वीज एक राग सुचवते, वाद्य दुसरा. अर्थिंग नीट करून, पुलाला एक वायर जोडून हा वाद मिटवावा. त्याने जीवही सुरक्षित राहतो.

या मिळवणीचा एक स्वभाव आहे. कांडी सरळ आडवी ठेवून सगळ्या तारा छेडल्या की निघणारा मेळ नेहमी शुद्ध गंधाराचा, हसतमुख. पाचव्या खुणेवर हसतमुख, सातव्यावरही हसतमुख. त्यामुळे नवख्याने विरहाचं गाणं वाजवलं तरी प्रियकर गेला ते बरंच झालं असं वाटतं. दुःख हवं असेल तर एकेक तार वेगळी वाजवायला शिकावं लागतं, आणि त्यात वर्ष जातं.

तारेवरून काही सरकवून मींड काढायची कल्पना मात्र बोल्टच्याही फार आधीची, आणि ती चाळीसगावपासून लांबची नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. हुद्द्याने हिशेबखात्याचा मुख्य; लिहिला मात्र ‘संगीतरत्नाकर’. त्यात एकतंत्री वीणा आहे: एक तार, पडदे नाहीत, आणि डाव्या हातात तारेवरून फिरवायची बांबूची कांब, तिला तो कम्रिका म्हणतो. त्याच सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव, भास्कराचार्यांचा नातू. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला तो चाळीसगावजवळच्या पाटण्याला, आणि त्याचा शिलालेखही तिथलाच. म्हणजे गणिताची आणि सरकत्या सुराची माणसं एकाच राजाच्या पगारावर होती. एवढं वाचून कुणी ‘गिटार आमचीच’ अशी घोषणा देऊ नये. विचित्र वीणेवरचा बट्टा आणि दक्षिणेतलं गोट्टुवाद्यही रांगेत उभे आहेत.

आपल्या देशात या गिटारीला दिवस दाखवले ते अशाच खटपट्या लोकांनी. लखनौच्या व्हॅन शिप्ली यांनी आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या कल्पनेने घडवली आणि तिच्यावर हिंदी सिनेमाची गाणी वाजवून तबकड्या काढल्या. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा अली अकबर खाँसाहेबांकडे शिकले. चांगली विलायती गिटार घेतली, तिच्या तारा उचलल्या, चिकारी चढवली आणि शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत 1967 मध्ये ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी केली. विश्वमोहन भट्टांनी तारा वीसवर नेल्या, वाद्याला मोहन वीणा नाव दिलं आणि 1994 मध्ये ग्रॅमी आणलं. तारा वाढवत नेणं हा आपला राष्ट्रीय छंद दिसतो. घरगुती कारागिराने सहावरच थांबावं.

कारण वाजवणं फळी रंधण्यासारखं नाही. कांडी खुणेच्या मागे नाही, पुढे नाही, नेमकी डोक्यावर हवी. तिच्यामागच्या तारा उरलेल्या बोटांनी हलकेच झाकायच्या, नाहीतर त्या आपलं वेगळंच गातात. डोळे खुणांवर ठेवले तर सूर जवळपास लागतो, बरोबर लागत नाही. कान तयार असेल तर खुणा लागतच नाहीत, आणि कान तयार नसेल तर शेजारी सांगतात. खानदेशात वर उन्हाळा असतो. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की पोलादी तारा सैलावतात आणि सकाळी लावलेला षड्ज दुपारी खाली उतरून बसतो. म्हणून रियाझ रात्री, गच्चीवर. तिथे बहिणाबाईंच्या ओव्यांची चाल धरून पाहावी. संथ लयीत, लांब ओढीत ती या वाद्याला सिनेमाच्या गाण्यापेक्षा पुष्कळ जास्त शोभते, आणि सूर चुकला तरी आजूबाजूच्या गच्च्यांवरून दुरुस्ती करणारे हजर असतात.

ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांनी फळी कापण्याआधी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ एकदा पूर्ण ऐकावी. त्यानंतरही फळी कापावीशी वाटली, तर खुंट्या तेवढ्या चांगल्या घ्या आणि सुताराला सूत सोडायला सांगून मिलिमीटरची पट्टी द्या.